कोण कोणाला वाचतं? वाचनाच्या अभ्यासाकडे येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

वाचनाने माणूस घडतो, हे वाक्य शाळेच्या भिंतीपासून संमेलनाच्या मांडवापर्यंत आपल्या कानांवरून इतकं गेलेलं असतं, की ते खरं आहे का, असलं तर कसं आणि कोणाच्या बाबतीत, हे विचारायचं राहूनच जातं. ते नीट विचारणं हा एक अभ्यास आहे. त्यात इतिहास लागतो, मानसशास्त्र लागतं, साहित्यशास्त्र लागतं, शिक्षणाची आणि ग्रंथालयांची माहिती लागते. पण आधी लागते ती माणसाबद्दलची उत्सुकता. ती तुमच्याकडे असेल तर या अभ्यासात तुमचं मनापासून स्वागत आहे. पदवी कोणत्या विषयाची आहे, आहे की नाही, याची चौकशी इथे कोणी करू नये.

मी खराडीत राहतो, आणि गावाचं नाव मुद्दाम सांगतो आहे. मुळा-मुठेच्या काठचं हे खेडं १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलं. नगर रस्त्याच्या कडेची शेतजमीन बघता बघता ईऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि वीस-बावीस मजली इमारतींखाली गेली. आज इथे मूळ गावकरी आहेत, मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेली कुटुंबं आहेत, कन्नड, तेलुगू, ओडिया, हिंदी, बंगाली बोलणारे संगणक अभियंते आहेत, आणि या सगळ्यांची घरं बांधणारे मजूर आहेत. वाचनाचा अभ्यास करायला अशी वस्ती फार चांगली, कारण इथे मूळ गावकरी सोडले तर कोणीच आपल्या शेजाऱ्याला जन्मापासून ओळखत नाही. पेठेत वाढलेल्या माणसाला समोरच्या वाड्यातलं दुःख न विचारता कळत असे. खराडीत समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनाव दारावरच्या पाटीवरून वाचावं लागतं.

पहाटे सोसायटीच्या फाटकावर पेपरवाला गठ्ठा टाकून जातो. अंक घरोघर जायच्या आधी रात्रपाळीचा वॉचमन त्यातला एक काढतो, पहिलं पान वरवर पाहतो, आतल्या पानावर आपल्या जिल्ह्यातल्या पावसाची बातमी शोधतो, ती ओठ हलवत वाचतो आणि अंक होता तशी घडी घालून परत ठेवतो. तोच अंक मग लिफ्टने अकराव्या मजल्यावर जातो. तिथे तो उघडला जाईलच असं नाही. एकच कागद, दोन वाचक. यातला कोण अधिक लक्ष देऊन वाचतो? आणि ज्याच्या जिल्ह्यात पाऊस पडला नाही, त्याच्याबद्दल अकराव्या मजल्यावर काय कळतं? या अभ्यासातले बहुतेक मोठे प्रश्न या दोन प्रश्नांचेच विस्तार आहेत.

वाचनामुळे सहानुभूती वाढते असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र असतं. बरं चाललेला, शिकलेला वाचक दुःखी माणसाची गोष्ट वाचतो आणि त्याचं मन द्रवतं. हे चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि माझ्या मते कमी महत्त्वाचं अर्धं आहे. ज्याला वाचायला मिळू नये अशी व्यवस्था होती, त्याच्या हातात पुस्तक आल्यावर काय होतं, हे उरलेलं अर्धं. महाराष्ट्रात या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने तिथूनच निघावं. आपल्याकडचा पुरावा तिथे सर्वांत भरघोस आहे.

मुक्ता साळवे हिचं उदाहरण घ्या. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला. विषय होता मांग-महारांचं दुःख. त्यात ती धर्माधिकाऱ्यांना विचारते, की वेद जर फक्त तुमचेच असतील तर आमचा धर्म कोणता? बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या, ऊन-पाऊस-थंडी सोसणाऱ्या आपल्या समाजातल्या बायकांचे हाल ती सांगते. तीनच वर्षांच्या शिक्षणावर एवढं लेखन झालं. अक्षरओळखीने तिच्या हातात दुसऱ्याबद्दलची कणव दिली असं म्हणणं तोकडं पडेल. आपल्या माणसांचं सोसणं ही लिहिण्यासारखी, छापण्यासारखी, इतरांना जाब विचारण्यासारखी गोष्ट आहे, हे तिला समजलं. दुसऱ्याचं जगणं वाचता येण्याआधी स्वतःचं जगणं वाचण्याजोगं वाटावं लागतं. हा या प्रस्तावनेतला माझा मुख्य मुद्दा आहे, आणि पुढची सगळी उदाहरणं मी त्याच्यावरच घासून पाहणार आहे.

पस्तीस वर्षांनी, १८९० मध्ये, हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापायला सुरुवात केली. हरिभाऊ तेव्हा सव्वीस वर्षांचे. कादंबरी सांगते यमू, स्वतःच्या तोंडाने. भातुकलीच्या वयापासून लग्न, सासर, वैधव्य आणि केशवपनापर्यंतची हकिगत ती जवळच्या माणसाशी बोलावं तशी बोलते. आज प्रथमपुरुषी निवेदनाचं आपल्याला काही वाटत नाही. पण त्या काळातल्या पुरुष वाचकाचा विचार करा. त्याच्या घरात अशीच एक यमू माजघरात वावरत होती, आणि तिच्याशी दिवसाउजेडी चार वाक्यं बोलायची त्याला सवय नव्हती. आता दर आठवड्याला ती ‘मी’ म्हणून त्याच्याशी बोलू लागली. पुढचा अंक येईपर्यंत तिचं काय झालं असेल याची चिंता त्याला वाहावी लागली. क्रमशः छापण्यात हीच ताकद असते: दोन अंकांच्या मधल्या दिवसांत पात्र वाचकाच्या घरातच मुक्कामाला असतं.

या कादंबरीमुळे केशवपनाची चाल थांबली, असं मात्र म्हणू नका. समाजात बदल होतो तो चळवळींनी, कायद्यांनी, शाळांनी, घरोघरच्या भांडणांनी. कादंबरीचं काम वेगळं आणि मोजायला अवघड असतं. जे रोज दिसत होतं ते ती पुन्हा बघायला लावते. अभ्यासकाने एवढंच म्हणावं, आणि एवढंही पुष्कळ आहे.

स्वतःचं जगणं वाचण्याजोगं वाटणं दलित लेखिका बेबी कांबळे यांच्या बाबतीत अधिक जवळून दिसतं. फलटणला त्यांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं. शिक्षण चौथीपर्यंत. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचत. साखर बांधायच्या आधी कागदावर काय आहे ते पाहून घ्यायचं, असं ते वाचन. अर्धी बातमी, फाटलेला लेख, पुढचा भाग दुसऱ्याच कोणाच्या घरी गेलेला. मग वाचनालयातून पुस्तकं आणणं सुरू झालं, आणि मग लिहिणं. लिहिलेल्या वह्या त्यांनी घरच्यांपासून जवळजवळ वीस वर्षं लपवून ठेवल्या. फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या भाषाभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी ते लेखन बाहेर यावं म्हणून आग्रह धरला. ‘स्त्री’ मासिकातून ते १९८२ मध्ये येऊ लागलं, आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमचं’ पुस्तक निघालं. त्यात कांबळे स्वतःच्या दुःखाइतकंच, किंबहुना त्याहून अधिक, आपल्या वस्तीतल्या इतर बायकांचं दुःख सांगतात. समाजाच्या आत सासू सुनेला कशी छळते हेही त्या लपवत नाहीत. पुस्तकाचं नाव ‘जिणं माझं’ नाही.

रद्दीच्या कागदावर शिकलेली बाई वाचकाची शिक्षिका होते, हा प्रवास मला वाचनाच्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा पुरावा वाटतो. फलटणच्या त्या दुकानात कोणी ‘सहानुभूती वाढवण्यासाठी’ वाचत नव्हतं. हाताला लागलेलं वाचायचं, इतकंच. आणि तरी तिथून जे निघालं त्याने १९८० नंतरच्या मराठी वाचकाची नजर बदलली. ज्यांना आजवर कोणी वाचलं नव्हतं ती माणसं आता वाचणाऱ्याकडे रोखून पाहू लागली. दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ मध्ये हे दार उघडलंच होतं. ते पुस्तक ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने काढलं होतं, म्हणजे वाचकांनी एकत्र येऊन काढलं होतं, ही गोष्टही नोंद करून ठेवण्यासारखी आहे.

आता शास्त्राकडे. आपल्याकडच्या साहित्यविचाराने हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी फार बारकाईने हाताळला आहे. रंगभूमीवरचा शोक पाहून प्रेक्षक रडतो आणि तरी त्याला आनंद होतो, हे कसं? भट्टनायकाने आणि त्यानंतर अभिनवगुप्ताने दिलेलं उत्तर साधारणीकरणाचं आहे. पात्राचा शोक ‘त्याचा’ राहत नाही, ‘माझा’ही होत नाही. तो कोणा एकाचा न राहता माणसाचा होतो, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. मराठी वाचकाला हा विचार मुळातून समजून घ्यायचा असेल तर रा. पं. कंगले यांचं ‘रस-भाव-विचार’ हाताशी ठेवावं. पुस्तक सोपं नाही, पण सावकाश वाचलं तर आपलं बोट सोडत नाही.

या विचारात एक इशाराही दडलेला आहे, आणि तो आजच्या अभ्यासकाने ऐकायला हवा. शोकाचा आस्वाद गोड असतो. ‘श्यामची आई’ वाचून डोळे भरून येतात, मन हलकं होतं, पुस्तक मिटतं, आणि दारात उभ्या असलेल्या कामवाल्या बाईच्या खाड्याचे पैसे त्याच दुपारी कापले जातात. अमेरिकी अभ्यासक सुझान कीन यांनी २००७ मधल्या कादंबरी आणि सहानुभूतीवरच्या पुस्तकात हीच शंका सविस्तर मांडली. पात्राबद्दल वाटलेली कळकळ प्रत्यक्ष माणसाच्या मदतीला धावतेच असं दाखवता येत नाही, उलट पात्र आपल्याकडे काही मागत नाही म्हणूनच आपण त्याच्यासाठी मोकळेपणाने रडू शकतो, असं त्यांचं म्हणणं. अभिनवगुप्त आणि कीन यांना शेजारी शेजारी ठेवून वाचा. एक जण ज्याला आस्वादाची पूर्तता म्हणतो, तिथेच दुसरीला धोका दिसतो.

ज्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, ते स्वतः मात्र रडून थांबणारे नव्हते. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून त्यांनी १९४७ मध्ये उपोषण केलं. त्यांच्या वाचकांपैकी कितीजण पुस्तकाकडून मंदिराच्या दाराकडे गेले, हा एखाद्या तरुण अभ्यासकाने हाती घ्यावा असा विषय आहे.

प्रयोगशाळेतल्या संशोधनाबद्दल थोडं सावधपणे बोलायला हवं, कारण त्याच्या बातम्या फार लवकर पसरतात. कॅनडातले रेमंड मार, कीथ ओटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक साधी युक्ती वापरली. लोकांना नावांची यादी द्यायची, त्यात काही खरे लेखक आणि काही बनावट नावं. जितके खरे लेखक ओळखता येतील तितकं त्या माणसाचं वाचन जास्त, असा अंदाज. कथा-कादंबऱ्या अधिक वाचणाऱ्यांना इतरांच्या मनातलं ओळखणं थोडं अधिक जमतं, असं त्यांना आढळलं. पण वाचनामुळे समज आली, की समज असलेलेच कथा-कादंबऱ्यांकडे वळतात, हे अशा अभ्यासातून पक्कं सांगता येत नाही.

२०१३ मध्ये डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कॅस्टानो यांचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. दर्जेदार ललित साहित्याचा छोटासा उतारा वाचल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत इतरांच्या भावना ओळखण्याची क्षमता वाढलेली दिसते, असा त्यांचा निष्कर्ष. जगभर मथळे झाले. मग २०१८ मध्ये ‘सायन्स’ आणि ‘नेचर’मधले एकवीस गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा एक मोठा उपक्रम पूर्ण झाला. त्यातले तेरा टिकले. जे टिकले नाहीत त्यांत हा होता. त्याच वर्षी डोडेल-फेडर आणि तमीर यांनी अशा चौदा अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला आणि परिणाम आहे, पण लहान आहे, असं दाखवलं.

यावरून निराश व्हायचं काही कारण नाही. दहा मिनिटांच्या उताऱ्याने माणूस बदलावा ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. बेबी कांबळे यांना वीस वर्षं लागली. शिवाय चाचणी कोणती, तेही पाहा. त्यात माणसांच्या फक्त डोळ्यांचे फोटो दाखवतात आणि भावना ओळखायला सांगतात. चेहरे मासिकांमधून कापलेले, पाश्चात्त्य. खराडीतल्या बांधकामावर विटा वाहणारी बाई मुकादमाशी बोलताना पदराआड जे लपवते, ते ओळखण्याची चाचणी अजून कोणीतरी बनवायची आहे. मार आणि ओटली यांच्या लेखकांच्या यादीत गौरी देशपांडे, अण्णा भाऊ साठे, भालचंद्र नेमाडे, मेघना पेठे आणि चार बनावट नावं घातली, तर मराठी वाचकांचा असा अभ्यास उद्या सुरू करता येईल. फक्त एक भान ठेवावं लागेल. ज्याने आयुष्यभर कीर्तन ऐकलं, ज्याला तुकोबांचे शे-दोनशे अभंग तोंडपाठ आहेत, पण एकाही कादंबरीकाराचं नाव ठाऊक नाही, तो या यादीत शून्यावर बाद होईल. आपल्या मापात हा माणूस बसत नसेल तर माप बदलायला हवं.

पुस्तक माणसापर्यंत पोचतं कसं, हा भाग अनेकांना रुक्ष वाटतो. मला तो या अभ्यासाचा कणा वाटतो. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी रोज वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने पाहिला. चौकशी केली, ओळख वाढली, आणि १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याच्या हातात ठेवलं. भीमराव आंबेडकरांनी अखेरच्या वर्षी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत या भेटीची आठवण काढली आहे. १९०७ ते १९५६: एका पुस्तकाने एका वाचकाच्या मनात जवळपास पन्नास वर्षं काम केलं. आजीवन शिक्षणाचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. आणि त्याची सुरुवात एका माणसाने दुसऱ्याला काय वाचतोस म्हणून विचारण्यात आहे.

केळुसकरांसारखी माणसं नशिबाने भेटतात. ग्रंथालय असतं ते नशिबावर सोडायला लागू नये म्हणून. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी हे नेमकं ओळखलं. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानात गावोगाव मोफत ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. जिथे ग्रंथालय शक्य नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. जवळपास शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानकडून विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. तीही पेट्यांचीच. देणगीदाराच्या पैशांतून पुस्तकांची पेटी तयार होते, काही घरांच्या गटाकडे जाते, ठरावीक महिन्यांनी गट आपसांत पेट्या बदलतात. कुलूपबंद कपाट नाही, अनामत नाही, दंड नाही. या पेट्या तुरुंगांत गेल्या आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांतही गेल्या. खराडीसारख्या भागासाठी ही रचना मला विशेष उपयोगाची वाटते. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून शहराच्या मध्यात उभं आहे, पण नगर रस्त्याच्या संध्याकाळच्या गर्दीतून बुधवार चौक गाठून पुस्तक बदलून येणं सत्तरीच्या माणसाला झेपत नाही. पेटी लिफ्टने वर जाऊ शकते. आणि फाटकावरच्या केबिनमध्ये एक पेटी ठेवायला कोणाची हरकत असण्याचं कारण नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. त्याखाली दहा हजारांहून अधिक ग्रंथालयांना दर्जाप्रमाणे अनुदान मिळतं. ही ग्रंथालयं बहुतेक लोकांनीच काढलेली, मंडळांनी चालवलेली. गावात दोन-तीन खटपटी माणसं असली की ग्रंथालय टिकतं, ती थकली की खुर्च्यांवर धूळ बसते. या माणसांच्या मुलाखती घेणं, त्यांच्या देवघेवीच्या नोंदवह्या चाळणं, हे निव्वळ अंकगणित नाही. कोणतं पुस्तक कोणत्या वर्षी किती हातांतून गेलं, ते वहीच्या पानावर शाईने लिहिलेलं असतं. शेवटच्या पानावर फाटलेलं ‘मृत्युंजय’ आणि एकदाही बाहेर न गेलेली ग्रंथावली, दोन्ही आपल्याला काही सांगत असतात.

आजीवन शिक्षणाबद्दल युनेस्कोच्या एडगर फॉर समितीने १९७२ मध्ये अहवाल दिला. शिक्षण हे बालपणीचं प्रकरण नसून सगळ्या आयुष्याची गोष्ट आहे, हा विचार त्यानंतर जगभर रुजला. आपल्याकडे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. शाळा सुटलेल्या, लग्न झालेल्या, पाळीवर काम करणाऱ्या हजारो माणसांनी त्यातून पदव्या घेतल्या. पण गेल्या काही वर्षांत ‘आजीवन शिक्षण’ या शब्दांचा अर्थ आकसत चालला आहे, याची मला काळजी वाटते. आयटी पार्कमध्ये ‘शिकत राहा’ याचा अर्थ नवीन संगणकी भाषा शिका, नाहीतर नोकरी जाईल, असा होतो. तेही शिकावंच. मात्र ते शिक्षण भीतीपोटी आहे.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावच्या आज्या कशासाठी शाळेत गेल्या ते पाहा. ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषद शिक्षकाच्या पुढाकाराने तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या बायका, गुलाबी नऊवारी लुगडी हा गणवेश, पाठीला दप्तर, हातात पाटी. गावात पारायण चाललं असताना आपल्यालाही पोथी वाचता आली असती तर, ही त्यांची हळहळ शाळेचं निमित्त झाली. पोथी त्यांना पाठ होती. अर्थही बहुतेक माहीत होता. तरी दुसऱ्याने वाचलेलं ऐकण्यापेक्षा आपल्या डोळ्यांनी ओळ शोधावी, बोट ठेवावं, असं त्यांना वाटलं. अंगठ्याच्या जागी सही आली, यात नोकरी नाही, बढती नाही. ऐंशी वर्षांच्या बाईला आपलं नाव स्वतः लिहावंसं वाटणं आणि चौदा वर्षांच्या मुक्तेला आपल्या माणसांचं दुःख लिहावंसं वाटणं, यांत मला फार अंतर दिसत नाही.

खराडीत या आज्यांच्या वयाचे बरेच लोक आहेत. लातूरहून, नांदेडहून, अमरावतीहून नातवंडं सांभाळायला आलेले. दुपारी सोसायटीतल्या बाकावर एखादी आजी नातवाला ‘किशोर’चा अंक वाचून दाखवते. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, आणि जुने अंक आता मोबाईलवरही मिळतात. गोष्टीत मोट येते. नातू विचारतो, मोट म्हणजे काय? आजी वाचन थांबवते, चामड्याची मोट, बैल, थारोळं, पाटाचं पाणी, आपल्या वडिलांचं गाणं, सगळं सांगते. गोष्ट अर्ध्यावर राहते. नातवाला कळतं, की आजी ही गोष्टीच्या आतून आलेली बाई आहे. आपलं शहरात काही काम उरलं नाही असं समजणाऱ्या आजीला कळतं, की आपल्याला पुष्कळ काही येतं. मुलाखतीच्या प्रश्नावलीत हे सापडत नाही. त्यासाठी बाकावर शेजारी बसावं लागतं.

पुण्यातल्या बांधकामांवर मजुरांच्या मुलांसाठी ‘डोअर स्टेप स्कूल’सारख्या संस्था वर्ग चालवतात. इमारत पूर्ण झाली की कुटुंब दुसऱ्या साइटवर जातं, मूल वर्गातून जातं, पुस्तक मागे राहतं. या मुलांची घरची भाषा बहुधा मराठी नसते. आपण ज्या घरात बसून सहानुभूतीवरचे लेख वाचतो, त्याच्या भिंती उभ्या राहताना खाली पत्र्याच्या खोलीत कोणीतरी पहिलं अक्षर गिरवत होतं, ही खराडीतली साधी वस्तुस्थिती आहे. अभ्यासकाने तिच्यापासून नजर चुकवू नये.

भाषांतराचा विषयही इथेच येतो. उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि त्यांचे पती विरुपाक्ष कुलकर्णी यांनी मराठी साहित्य कन्नडमध्ये नेलं. पुण्यातल्या एका घरातून दोन भाषांच्या वाचकांची अशी सोय झाली. खराडीत शेजारी कन्नड कुटुंब राहत असेल आणि आपण भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ मराठीत वाचलेली असेल, तर बोलायला हवामानापलीकडचा एक विषय मिळतो. साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या स्वप्नात प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात असं होतं. आज ते प्रांत एकाच जिन्यात राहायला आले आहेत.

कामाला लागताना काही गोष्टी सांभाळा. वाचणाऱ्याला परीक्षेला बसवल्यासारखं वाटू देऊ नका. पुस्तकाने तुमच्यात काय बदल झाला, असं थेट विचारलं तर माणूस जे शोभून दिसेल ते सांगतो. त्याऐवजी कुठे थांबलात, कोणतं पान पुन्हा वाचलंत, कोणाला वाचून दाखवलंत, कोणतं पुस्तक अर्ध्यात टाकलंत, हे विचारा. टाकलेल्या पुस्तकाबद्दल माणसं फार खरं बोलतात. गरीब वाचकाकडून प्रेरणादायी कहाणी काढून घेण्याचा मोह आवरा. ती त्याची आहे, त्याला वाटलं तर तो लिहील. आणि तुम्ही स्वतः काय वाचता याची वही ठेवा, कारण दुसऱ्याच्या वाचनाबद्दल बोलणाऱ्याचं स्वतःचं वाचन समोर असलेलं बरं.

कुठून सुरुवात करावी, असं विचाराल तर मुक्ता साळवेचा निबंध आधी घ्या. अर्ध्या तासात वाचून होतो. त्यानंतर ‘जिणं आमचं’, मग हरिभाऊ. हा क्रम काळाला धरून नाही, पण मुक्ता आणि बेबीताई यांना आधी भेटून मग यमूकडे गेलेल्या वाचकाला हरिभाऊंचं धाडसही दिसतं आणि त्यांच्या वाड्याच्या भिंतीपलीकडे कोण राहून गेलं तेही दिसतं. कंगले आणि कीन त्यानंतर, एकाच महिन्यात. प्रयोगांचे लेख सर्वांत शेवटी वाचा, आणि वाचताना समोर एक कोरा कागद ठेवून त्यावर लिहीत जा, की हाच प्रयोग खराडीशेजारच्या चंदननगरच्या भाजी बाजारात करायचा झाला तर त्यात काय काय बदलावं लागेल.